लांबच्या खोलीत वाय-फाय पोचवायचं कसं?

नेटची वायर घराच्या एका टोकाला येते, राउटर तिथेच भिंतीवर ठोकला जातो आणि दुसऱ्या टोकाच्या खोलीत वाय-फाय रडतखडत चालतं. व्हिडिओ कॉलमध्ये समोरच्याचा चेहरा गोठतो, प्रिंटर मधूनच गायब होतो. अशा वेळी बरेच जण सरळ एक रिपीटर मागवतात, रेंज नसलेल्या त्याच खोलीत नेऊन लावतात आणि काही फरक पडला नाही म्हणून खणात टाकून देतात. दोष बहुधा त्या डबीचा नसतो. जिथे सिग्नलच पोचत नाही तिथे बसून ती पुढे पाठवणार तरी काय?

इथला क्रम मुद्दाम फुकटच्या उपायांपासून खर्चाच्या उपायांकडे जाणारा ठेवला आहे. मोजायचं, हलवायचं, सेटिंग बघायची आणि मगच खिशात हात घालायचा. खरेदीच्या भागाकडे थेट उडी मारलीत तरी मोजणीसाठी परत वर यावंच लागेल.

आधी दुखणं कुठे आहे ते शोधा

‘नेट स्लो आहे’ या एका तक्रारीत दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक, बाहेरून घरात येणारं इंटरनेट. दुसरी, राउटरपासून तुमच्या फोनपर्यंतचा हवेतला प्रवास. त्या वेगळ्या करायला पाच-दहा मिनिटं पुरतात. लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडा आणि स्पीड टेस्ट करा. मग केबल काढून राउटरच्याच खोलीत वाय-फायवर करा. मग लांबच्या खोलीत जाऊन करा.

केबलवरच स्पीड कमी आला तर हा लेख बाजूला ठेवा आणि नेट देणाऱ्या कंपनीला फोन लावा. केबलवर पूर्ण पण राउटरशेजारी बसूनही वाय-फायवर कमी, असं असेल तर राउटर जुना आहे किंवा आजूबाजूच्या वाय-फायची गर्दी आहे. दोन्हीकडे ठीक आणि फक्त लांब गेल्यावर पडतो, तर मामला रेंजचाच आहे.

आता रेंज मोजायची, पण फोनवरच्या काड्यांनी नाही. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. खरा आकडा डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या एककात, असतो. अँड्रॉइडवर वाय-फाय अ‍ॅनलायझर प्रकारातलं कुठलंही चांगलं अ‍ॅप तो दाखवतं. आयफोनवर अ‍ॅपलच्याच एअरपोर्ट युटिलिटी अ‍ॅपमधला वाय-फाय स्कॅनर फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन चालू करावा लागतो. मॅकवर ऑप्शनचं बटण दाबून धरून वरच्या वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केलं की ‘आरएसएसआय’समोर तोच आकडा येतो.

हा आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल तगडा. राउटरला खेटून −३० च्या आसपास दिसेल. −५० म्हणजे उत्तम. −६७ पर्यंत व्हिडिओ कॉल साधारण बिनघोर चालतो. −७० च्या खाली गेलं की कुरकुर सुरू होते, −८० ला जेमतेम मेसेज जातात आणि −९० म्हणजे नसल्यातच जमा. इथे नवख्या माणसाला फसवणारी एक गोष्ट आहे. ही पट्टी सरळ नाही. आकडा ३ ने उतरला की सिग्नलची ताकद निम्मी होते आणि १० ने उतरला की दहावा हिस्सा उरतो. −६० आणि −७० कागदावर शेजारी दिसतात, प्रत्यक्षात त्यांच्यात दहापट अंतर असतं.

एका कागदावर घराचा कच्चा नकाशा काढा आणि जिथे खरोखर वापर होतो तिथले आकडे लिहा. खोलीच्या मधोमध उभं राहून नाही. पलंगाच्या उशाशी, टेबलावर, टीव्हीच्या मागे. दारं रोज असतात तशीच ठेवा. रात्री दार लावून बसत असाल तर दार लावून मोजा. तुमचा राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन्ही बँड (लहरींचे पट्टे) देत असेल तर दोन्हींचे आकडे वेगवेगळे लिहा.

समजा कागदावर असं उतरलं: बैठकीची खोली −४२, पॅसेज −५५, मागची खोली −७२. बैठकीपासून पॅसेजपर्यंत १३ उतरले, ते समजण्यासारखं आहे. पण पॅसेजमधून मागच्या खोलीत शिरताना, चार-सहा पावलांत, १७ उतरले. म्हणजे ताकद पन्नासाव्या हिश्श्यावर आली. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाल्यावर फक्त ६ उतरतात. तेव्हा हा अंतराचा खेळ नाही, त्या भिंतीत किंवा भिंतीशी काहीतरी आहे. पाठीला पाठ लावून उभं असलेलं लोखंडी कपाट असेल, स्लॅबचा बीम असेल, बाथरूमची नळांनी भरलेली भिंत असेल. असा एक आकडा सापडला की पुढचे निर्णय सोपे होतात, म्हणून या कागदावर वेळ घालवायला मी कधीच मागेपुढे पाहत नाही.

वाटेत काय काय आडवं येतं

लाकडी दार, प्लायवूड, साधी काच यांतून सिग्नल थोडं गमावून पार होतो. विटांची भिंत जास्त खाते. सळ्या घातलेली काँक्रीटची भिंत तर एकटीच दहा-पंधरा डेसिबल (म्हणजे कागदावरचा आकडा तेवढ्याने उतरतो) सहज गिळते आणि मजल्यामधला स्लॅब त्याच जातीचा. धातू सिग्नल परतवून लावतो: फ्रिज, कपाट, लिफ्टचा खांब, मोठा आरसा, उन्हासाठी धातूचा मुलामा दिलेली काच. पाणी त्याला शोषून घेतं, त्यामुळे माशांची मोठी टाकी राउटरसमोर असेल तर तीही हिशेबात धरा. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. भिंत सरळ काटकोनात ओलांडली तर तिच्या जाडीइतकंच जावं लागतं. तिरकी ओलांडली तर आतून लांबचा पल्ला पडतो. राउटर फुटभर सरकवून वाट सरळ झाली तरी आकडा बदलतो.

बँडचाही फरक आहे. ५ गिगाहर्ट्झ जवळ वेगवान, पण भिंतींपुढे लवकर दमतो. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो, पण तिथे गर्दी फार. ब्लूटूथ तिथेच चालतं, मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ च्या आसपास चालतो आणि सुरू असताना वाय-फायला त्रास देऊ शकतो, यूएसबी ३ ची हार्डडिस्क राउटरला चिकटून ठेवली तर तीही याच पट्ट्यात खरखर करते. नव्या राउटरांत ६ गिगाहर्ट्झचा तिसरा बँड आला आहे. वेगासाठी तो छान, पण भिंती ओलांडण्यात तो ५ पेक्षाही कच्चा. लांबच्या खोलीसाठी म्हणून कुणी तो गळ्यात मारत असेल तर घेऊ नका.

‘जास्त पॉवरचा’, सहा-आठ अँटेनांचा राउटर घेतला की रेंज वाढेल हा समज असाच. हवेत किती ताकदीने पाठवायचं यावर सरकारी मर्यादा असतात. आणि वाय-फाय हा दुतर्फी संवाद आहे. राउटरने कितीही मोठ्याने हाक मारली तरी फोनची ‘ओ’ त्याच्यापर्यंत पोचायला हवी. फोनचा रेडिओ लहान, बॅटरीवर चालणारा. म्हणूनच काड्या भरपूर दिसतात आणि तरीही फोटो अपलोड होत नाही, असं घडतं.

राउटर हलवा

राउटरची सर्वांत चांगली जागा म्हणजे घराच्या मध्याजवळ, उघड्यावर, डोक्याच्या उंचीच्या आसपास. सर्वांत वाईट जागा म्हणजे टीव्हीच्या मागे, बंद कपाटात, जमिनीवर, फ्रिजशेजारी. दुर्दैवाने लोकांना तो ‘दिसू नये’ असं वाटतं आणि तो याच जागांपैकी एकीत जाऊन बसतो.

अँटेना फिरवता येत असतील तर त्या त्रासाच्या खोलीकडे रोखून धरू नका. उभ्या अँटेनेचा सिग्नल तिच्या चारही बाजूंना आडवा पसरतो आणि तिच्या टोकाच्या दिशेने सर्वांत कमी जातो. एकाच मजल्याचं घर असेल तर अँटेना उभ्या ठेवा. वरच्या मजल्यावर पोचवायचं असेल तर एखादी आडवी करून पाहा.

फायबरची वायरच कोपऱ्यात आली आहे, राउटर हलणार कसा? ती वायर स्वतः ओढून लांबवू नका, करकचून वाकवू तर मुळीच नका. आतली काच तुटते. फायबरची डबी आहे तिथेच राहू दे. तिच्या लॅन पोर्टमधून एक केबल घराच्या मध्यापर्यंत आणा आणि राउटर तिथे ठेवा. डबीत स्वतःचं वाय-फाय असेल आणि ते आता कुणी वापरत नसेल तर बंद करा, उगाच गर्दी नको.

दुसरं टोक, म्हणजे वाय-फाय घेणारी वस्तूही हलवून बघा. २.४ गिगाहर्ट्झच्या लाटेची लांबी साधारण १२.५ सेंटिमीटर असते, ५ ची त्याच्या निम्म्याहून कमी. भिंतींवरून परतलेल्या लाटा एकमेकींत मिसळून काही ठिकाणी एकमेकींना मारतात, त्यामुळे वीतभर सरकवल्याने प्रिंटर जिवंत झाला तर चमत्कार वाटायचं कारण नाही. डेस्कटॉपच्या वाय-फायची अँटेना मागच्या बाजूला, लोखंडी डबा आणि भिंत यांच्या बेचक्यात असते. यूएसबीचं वाय-फाय अडॅप्टर मीटरभराच्या एक्स्टेन्शन वायरने टेबलावर आणून ठेवलं, तर एवढ्यानेही पुष्कळ फरक पडू शकतो.

सेटिंगमध्ये काय बघायचं

राउटरच्या तळाशी स्टिकर असतो. त्यावरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाका, तिथेच छापलेला पासवर्ड द्या, आत शिराल. हा पासवर्ड अजून कुणी बदललेला नसेल तर पहिलं काम ते करा.

२.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकीच एक निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. हे तीन चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत. अ‍ॅपमध्ये शेजारच्यांचं वाय-फाय कुठल्या चॅनेलवर आहे ते दिसतं. जिथे तगडे शेजारी कमी तो घ्या. १ आणि ६ वर गर्दी दिसते म्हणून मधला ३ किंवा ४ घेणं शहाणपणाचं वाटतं, पण त्यात दोन्हीकडचा त्रास पदरात पडतो.

५ गिगाहर्ट्झवर जागा भरपूर आहे. फक्त ५२ ते १४४ यांमधले चॅनेल रडारबरोबर वाटून घ्यावे लागतात. रडारची चाहूल लागली की राउटरला तो चॅनेल सोडावाच लागतो आणि वाय-फाय मिनिटभर नाहीसं झाल्यासारखं होतं. असं अधूनमधून घडत असेल तर ३६ ते ४८ मधला चॅनेल लावून पाहा. लांबच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झ अगदी काठावर चालत असेल तर रुंदी ८० वरून ४० वर आणा. कमाल वेग घटतो, पण तीच ताकद कमी जागेत एकवटते आणि जोडणी टिकते.

सिक्युरिटी, म्हणजे वाय-फायच्या कुलपाचा प्रकार, डब्ल्यूपीए २ किंवा ३ असू दे. राउटरचं सॉफ्टवेअर अपडेट करून घ्या. मग नकाशाचा कागद घेऊन पुन्हा एक फेरी मारा. लांबच्या खोलीत −६७ च्या वर आला असाल तर काही विकत घ्यायची गरज नाही.

अजून नाही पोचलं, तर आता खर्च

इथे एकच सूत्र धरून चाला: लांबचा पल्ला तारेने कापायचा आणि शेवटची खोली तेवढी हवेवर सोडायची. बाकीचे सगळे उपाय म्हणजे तार टाकता येत नाही म्हणून केलेली तडजोड. काही तडजोडी चांगल्या आहेत, काही नाहीत.

सर्वांत आधी त्या खोलीतली वस्तू काय आहे ते पाहा. टीव्ही, डेस्कटॉप, गेमचा बॉक्स या जागेवरून न हलणाऱ्या वस्तू आहेत आणि त्यांना बहुधा लॅन पोर्ट असतो. केबल नेऊन सरळ तिथे खोचा. वाय-फायचा प्रश्नच उरला नाही, आणि या अवजड गिऱ्हाइकांनी हवा मोकळी केल्यावर बाकीच्यांचंही बरं होतं.

केबल कॅट ५ई किंवा कॅट ६ घ्या. घरासाठी दोन्ही पुरतात. १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ गिगाबिट दोन्हींतून जातं. अस्सल तांब्याची घ्या. ‘सीसीए’ लिहिलेली, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असलेली, स्वस्त पडते पण चटकन तुटते आणि लांब पल्ल्यावर दगा देते. विजेच्या वायरच्या पाइपमधून लॅन केबल नेऊ नका. धोका आहे आणि सिग्नलही बिघडतो. विजेची वायर ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात ओलांडा. भिंत फोडायची नसेल तर स्कर्टिंगच्या कडेने प्लास्टिकच्या पट्टीतून नेता येते, दाराखालून चपटी केबल जाते. दोन्ही टोकांना मीटरभर जादा ठेवा, पुढे टेबल हलवलंत तर उपयोगी पडेल. दोन वेगळ्या इमारती जोडायच्या असतील तर मात्र तांबं नको, फायबर टाका. वीज पडली तर तांब्यातून ती थेट घरात येते.

कनेक्टर बसवणाऱ्याला आठही तारा जोडायला सांगा. चारच जोडल्या तरी नेट चालतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, पण वेग १०० मेगाबिटवर अडकून बसतो. लॅपटॉप जोडून नेटवर्कच्या माहितीत लिंक स्पीड १००० दिसतोय की १००, एवढं तिथल्या तिथे बघून घ्या. बसवणारा निघून गेल्यावर कळून काही उपयोग नाही.

जुन्या राउटरचा अ‍ॅक्सेस पॉइंट

केबल लांबच्या खोलीत पोचली की तिच्या टोकाला अ‍ॅक्सेस पॉइंट लागतो, म्हणजे फक्त वाय-फाय देणारी, बाकी कारभारात नाक न खुपसणारी डबी. नवी मिळते, पण माळ्यावर पडलेला जुना राउटरही चालतो, तो डब्ल्यूपीए २ तरी देत असेल तर. हे काम बरेच जण अर्धवट करून सोडतात, म्हणून ते सावकाश, टप्प्याटप्प्याने:

१. जुन्या राउटरचं रिसेटचं बारीक भोक शोधा आणि पिनेने दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवा. दिवे एकदम लुकलुकले की सोडा. जुन्या सगळ्या सेटिंग पुसल्या गेल्या.

२. त्याला अजून मुख्य राउटरशी जोडू नका. लॅपटॉपचं वाय-फाय बंद करून केबलने त्याच्या लॅन पोर्टला जोडा आणि स्टिकरवरचा पत्ता उघडा, बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो.

३. ‘ऑपरेशन मोड’ किंवा तत्सम पानावर ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ असा पर्याय आहे का बघा. असेल तर तो निवडा आणि सरळ सहाव्या टप्प्यावर या. नसेल तर पुढचे दोन टप्पे हाताने करायचे.

४. लॅनच्या पानावर त्याचा स्वतःचा पत्ता बदला. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. मात्र मुख्य राउटर इतर वस्तूंना जे पत्ते वाटतो त्या टप्प्यात हा आकडा नको. तिथे १०० ते २०० लिहिलं असेल तर २ मोकळा आहे. २ पासूनच वाटप सुरू होत असेल तर मुख्य राउटरवर ते १०० पासून करून घ्या. सेव्ह केल्यावर पान अडकल्यासारखं वाटेल. घाबरू नका, पत्ता बदलला आहे. नव्या पत्त्यावर पुन्हा शिरा. तिथे पान उघडेना तर केबल काढून परत घाला, म्हणजे लॅपटॉप नवा पत्ता घेईल.

५. डीएचसीपी सर्व्हर बंद करा. घरात पत्ते वाटणारा एकच असावा. दोघं वाटायला लागले की काही वस्तू चालतात, काही चालत नाहीत आणि कारण कुणालाच सापडत नाही.

६. वाय-फायचं नाव, पासवर्ड आणि सिक्युरिटीचा प्रकार मुख्य राउटरसारखाच, अगदी अक्षर न् अक्षर, द्या. चॅनेल मात्र वेगळा: मुख्य १ वर असेल तर हा ११ वर.

७. आता भिंतीतून आलेली केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये खोचा. बाहेरचं नेट घेणाऱ्या, वेगळ्या रंगाच्या वॅन पोर्टमध्ये नाही. (ज्या राउटरला तिसऱ्या टप्प्यातला खास मोड आहे, त्याला सहसा कुठलाही पोर्ट चालतो.) साध्या राउटरच्या वॅनमध्ये केबल घातलीत तर नेट चालेल, पण घरात एकात एक दोन नेटवर्क तयार होतील. मग इकडच्या फोनला तिकडचा प्रिंटर दिसत नाही, टीव्हीवर कास्ट होत नाही.

८. फोनचं वाय-फाय बंद-चालू करा, त्या खोलीत जोडा आणि स्पीड टेस्ट करा.

केबल शक्यच नसेल तर

मेश हा मग पहिला पर्याय. दोन-तीन डब्यांचा संच, एकच नाव, एकाच अ‍ॅपवरून कारभार. एक डबी नेटच्या वायरपाशी, बाकीच्या घरभर, आणि त्या आपसात हवेतून बोलतात. हे आपसातलं बोलणं म्हणजे बॅकहॉल, आणि मेशचा सगळा जीव तिथे आहे. दोन बँडच्या स्वस्त संचात तुमचा फोन आणि बॅकहॉल एकाच ५ गिगाहर्ट्झवर दाटीवाटी करतात, म्हणून दुसऱ्या डबीपाशी वेग साधारण निम्मा होतो. तीन बँडच्या संचात बॅकहॉलसाठी वेगळा रस्ता मिळू शकतो. डबीला लॅन पोर्ट आहे याची घेण्यापूर्वी खात्री करा. पुढेमागे केबल टाकता आली तर तोच संच कितीतरी पटीने चांगला चालेल.

डबी लांबच्या खोलीत ठेवायची नाही, वाटेत ठेवायची. तुमच्या कागदावर जिथे −६० ते −६५ लिहिलं आहे ती तिची जागा. आमच्या वरच्या उदाहरणात पॅसेजचं मागचं टोक, कपाट आडवं येणार नाही असा कोपरा. दोन डब्या लावणार असाल तर दोन्ही मुख्य डबीला थेट ऐकू येतील अशा ठेवा. एकीमागे एक अशी आगगाडी केली की प्रत्येक डब्याला वेग घटतो. आणि जुन्या राउटरमागे मेश लावत असाल तर मेशला अ‍ॅक्सेस पॉइंट किंवा ब्रिज मोडवर टाका आणि जुन्याचं वाय-फाय बंद करा, नाहीतर सातव्या टप्प्यातला दोन नेटवर्कचा घोळ इथेही होतो. कंपन्यांची सरमिसळ टाळा.

विजेच्या वायरिंगमधून नेट नेणारे पॉवरलाइन अडॅप्टर जोडीने मिळतात. एक राउटरपाशी, एक लांबच्या खोलीत, दोन्ही थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये. एक्स्टेन्शन बोर्ड, सर्ज प्रोटेक्टर, यूपीएस यांत लावलेत तर सिग्नल तिथेच गळतो. दोन्ही सॉकेट एकाच फेजवर असलेली बरी. वायरिंग जुनं असेल तर काय मिळेल ते लावल्याशिवाय कळत नाही, आणि खोक्यावरचा वेगाचा आकडा प्रत्यक्षात कधीच दिसत नाही. काँक्रीटच्या घरात मात्र हा प्रकार कधीकधी मेशवर मात करतो. परत करता येईल अशा बोलीवर घ्या. भिंतीत टीव्हीची जुनी कोअ‍ॅक्स केबल आधीच असेल तर तिच्यावर चालणारे मोका अडॅप्टर पॉवरलाइनपेक्षा भरवशाचे.

राहिला रिपीटर. एकाच रेडिओने तो ऐकतो आणि तेच परत बोलतो, म्हणून वेग निम्म्यावर येतो. दोन बँडचा असेल आणि एकावर ऐकून दुसऱ्यावर बोलत असेल तर थोडा बरा. कॅमेरा, प्रिंटर, स्मार्ट स्विच, मेसेज यांना निम्मा वेगही पुष्कळ झाला, तिथे तो खुशाल वापरा. रोजच्या व्हिडिओ कॉलसाठी मी सुचवणार नाही. जागा मेशच्या डबीसारखीच, वाटेवर. जोडताना तो राउटरशेजारी लावून डब्ल्यूपीएसच्या (पासवर्ड न टाकता जोडणाऱ्या) बटणाने किंवा अ‍ॅपने जोडून घ्या आणि मग त्याच्या जागी हलवा. रिपीटरमागे रिपीटर लावू नका.

जोडल्यानंतरच्या कटकटी

दोन ठिकाणांहून वाय-फाय मिळू लागलं की नवीन तक्रार येते: फोन मागच्या खोलीत नेला तरी तो लांबच्या राउटरलाच चिकटून राहतो. कुणाशी जोडायचं हे राउटर नाही, फोन ठरवतो, आणि काही फोन भारी हट्टी असतात. सेटिंगमध्ये ८०२.११के, व्ही आणि आर असे पर्याय असतील तर के आणि व्ही चालू करा, त्यांनी फोनला शेजारच्या डबीची सूचना मिळते. आर चालू केल्यावर एखादी जुनी वस्तू जोडायला नकार देते, तेव्हा तो नंतर, वेगळा करून पाहा. त्यानेही भागलं नाही तर मुख्य राउटरची ट्रान्समिट पॉवर ‘हाय’वरून ‘मीडियम’वर आणा. रेंज वाढवायला निघालो आणि पॉवर कमी करा म्हणतोय, हे उलटं वाटेल खरं. पण लांबचा सिग्नल पुरेसा फिका झाल्याशिवाय फोन त्याला सोडत नाही. तपासायला एक व्हिडिओ कॉल चालू ठेवून या खोलीतून त्या खोलीत चालत जा.

स्मार्ट प्लग, बल्ब, कॅमेरे यांतले बरेचसे फक्त २.४ गिगाहर्ट्झच ओळखतात. दोन्ही बँडचं नाव एकच असेल तर जोडताना ते अडतात, कारण फोन ५ वर बसलेला असतो. तेवढ्यापुरता राउटरवरचा ५ गिगाहर्ट्झ बंद करा, वस्तू जोडून घ्या, परत चालू करा.

सगळं मनासारखं चालू लागलं की प्रत्येक डबीच्या खाली एक चिकटपट्टी लावा आणि तिचा पत्ता, चॅनेल आणि कारभाराचा पासवर्ड कुठे लिहून ठेवला आहे ते टिपा. खास करून त्या १९२.१६८.१.२ वाल्या जुन्या राउटरच्या, कारण त्याच्या छापील स्टिकरवरचा पत्ता आता लागू नाही.